मतपत्रिकेतील कोरी ओळ आणि लिटल रॉकची एक निवडणूक

४ नोव्हेंबर १९५८. अमेरिकेतील आर्कन्सॉ राज्याची राजधानी लिटल रॉक. अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहासाठी मतदान सुरू आहे. मतदाराच्या हाती जी मतपत्रिका पडते तिच्यावर या जागेसाठी एकच नाव छापलेले आहे : ब्रुक्स हेज. आठ वेळा निवडून आलेले, सोळा वर्षे वॉशिंग्टनमध्ये काढलेले, चर्चमध्ये आणि राजकारणात सारख्याच आदराने पाहिले जाणारे गृहस्थ. समोर प्रतिस्पर्धी नाही.

पण त्याच मतदाराच्या दुसऱ्या हातात डिंक लावलेली एक लहानशी चिठ्ठी आहे. तिच्यावर डॉ. डेल आल्फर्ड हे नाव छापलेले आहे. आल्फर्ड हे नेत्रतज्ज्ञ. जेमतेम आठ दिवसांपूर्वी ते उमेदवारही नव्हते. मतमोजणी झाली तेव्हा छापील नाव हरले होते आणि चिकटवलेले नाव जिंकले होते. साठ हजारांहून अधिक मतांत फरक होता सुमारे १,२०० मतांचा.

आजचा धागा या कोऱ्या ओळीविषयी आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मतपत्रिकेवर छापील नावांच्या खाली एक रिकामी जागा असते. यादीतील कोणीच पसंत नसेल तर मतदाराने तेथे स्वतःच्या हाताने हवे ते नाव लिहावे. यालाच तेथे ‘राइट-इन’ म्हणतात. ऐकायला ही कल्पना फार उदात्त वाटते; पक्षांनी काहीही ठरवो, अखेरचा शब्द मतदाराचा. प्रत्यक्षात या ओळीने कोणाला हात दिला आणि कोणाचा घात केला, हे पाहू लागले की चित्र बरेच गुंतागुंतीचे होते.

आपल्याकडे ही ओळ कधी नव्हतीच. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर उमेदवारांची नावेदेखील नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने कागद त्या पेटीत टाकायचा. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. अशा देशात ‘नाव लिहा’ म्हणणे म्हणजे बहुसंख्यांना दाराबाहेर उभे करणे झाले असते. पुढे छापील नावे आणि शिक्का आला तरी नियम कडकच राहिला : मतदाराची ओळख पटेल असे काही मतपत्रिकेवर लिहिले तर मत बाद. मतदाराला यादी नाकारण्याची सोय २०१३ मध्ये ‘नोटा’च्या रूपाने मिळाली, यादीत नवे नाव घालण्याची सोय आजही नाही. हा साक्षरतेचा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे तो वेगळ्याच वेषात भेटणार आहे.

मग अमेरिकेत ही ओळ आली कोठून?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकेत सरकारी मतपत्रिका नावाची वस्तूच नव्हती. पक्षच आपापल्या उमेदवारांची यादी रंगीत कागदावर छापत आणि मतदानकेंद्राच्या दारात कार्यकर्ते ती वाटत. मतदार तो कागद पेटीत टाकी. कागदाच्या रंगावरून कोण कोणाला मत देतो हे गावभर कळे, आणि मताला पैसे मोजणाऱ्यालाही आपला सौदा पुरा झाल्याची खात्री होई. तरीही या पद्धतीत मतदाराला एक पळवाट होती. पक्षाच्या यादीतील एखादे नाव नको असेल तर ते खोडायचे, वर दुसरे लिहायचे, किंवा दुसऱ्या नावाची डिंक लावलेली पट्टी त्यावर डकवायची. या पट्ट्यांचा पक्षांना इतका उपद्रव झाला की १८७१ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हॅलेहो येथे एका पक्षाने आपली यादी फितीसारख्या अरुंद कागदावर अगदी बारीक अक्षरांत छापली. तिच्यावर काही लिहायला वा डकवायला जागाच उरू नये, हा हेतू. लोकांनी त्या कागदाला ‘पट्टकृमी’ असे नाव दिले. राजकारणातील टोपणनावे फार क्वचित इतकी चपखल असतात.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ मध्ये सरकारने छापलेली, गुप्तपणे भरायची मतपत्रिका सुरू केली. ब्रिटनने ती १८७२ मध्ये घेतली आणि १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने संपूर्ण राज्यासाठी ती स्वीकारली. पुढच्या दहाएक वर्षांत बहुतेक अमेरिकन राज्ये त्याच वाटेने गेली. गुप्तता मिळाली, मतांचा बाजार मंदावला. परंतु नवा प्रश्न उभा राहिला. आता कागद सरकारचा आणि त्यावर कोणाचे नाव छापायचे हेही सरकारच ठरवणार. ज्याचे नाव छापले नाही त्याला मत देण्याचा मतदाराचा जुना हक्क कोठे गेला? या प्रश्नाचे उत्तर म्हणून रिकामी ओळ ठेवली गेली. पट्टी डकवण्याच्या त्या जुन्या सवयीचा हा सरकारी वारस.

दक्षिणेतील राज्यांत मात्र हीच सुधारणा दुसऱ्या कारणासाठी लाडकी झाली. आर्कन्सॉने १८९१ मध्ये निवडणूक कायदा बदलून सरकारी मतपत्रिका आणली. पूर्वी निरक्षर मतदार पक्षाचा रंगीत कागद ओळखून पेटीत टाकू शकत असे; आता त्याला छापील यादी वाचणे भाग पडले. वाचता येत नसेल तर मदत फक्त निवडणूक अधिकाऱ्यांचीच, आणि ते अधिकारी सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाच्या मर्जीतले. गुलामगिरीतून बाहेर पडून पाव शतकच लोटलेल्या कृष्णवर्णीय समाजात निरक्षरता मोठी होती. गरीब गोऱ्यांतही ती कमी नव्हती. पाठोपाठ मतदानासाठी डोईपट्टी भरण्याची अट आली. काही वर्षांतच मतदारांची संख्या घसरली आणि राज्यात एकाच पक्षाची सत्ता पक्की झाली. म्हणजे ज्या मतपत्रिकेवर मतदाराच्या स्वातंत्र्याची ओळ राखून ठेवली होती, तीच मतपत्रिका हजारोंना मतदानकेंद्रापासून दूर ठेवण्याचे साधनही होती.

एकपक्षीय दक्षिणेचे गणित समजल्याशिवाय पुढची कथा उलगडत नाही. तेथे नोव्हेंबरची निवडणूक निव्वळ उपचार असे. खरी लढत उन्हाळ्यात, डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत होई. ती जिंकली की नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर बहुधा एकटेच नाव छापून येई. त्यामुळे प्राथमिक निवडणुकीतून निसटलेल्यांना एकच दार उरे : कोरी ओळ.

हे दार पहिल्यांदा धडाक्यात उघडले ते १९५४ मध्ये साउथ कॅरोलिनात. तेथील सिनेटर बर्नेट मेबँक यांनी प्राथमिक निवडणूक जिंकली होती आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना प्रतिस्पर्धी नव्हता. १ सप्टेंबरला त्यांचे अकस्मात निधन झाले. पक्षाच्या राज्य समितीने दोनच दिवसांत बैठक घेतली, नव्याने प्राथमिक निवडणूक न घेता आपल्याच वर्तुळातील एका ज्येष्ठ नेत्याला, एडगर ब्राउन यांना, उमेदवारी देऊन टाकली. ब्राउन राज्याच्या सिनेटमधील सर्वांत वजनदार माणूस. अमेरिकन सिनेटसाठी मात्र ते पूर्वी दोनदा पडले होते.

राज्य खवळले. माजी गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड यांनी ही संधी साधली. मी जिंकलो तर १९५६ मध्ये राजीनामा देईन आणि लोकांना प्राथमिक निवडणुकीत मोकळेपणाने निवड करू देईन, असे वचन त्यांनी दिले. मूठभरांनी ठरवायचे की जनतेने, हा त्यांचा सवाल. तत्कालीन गव्हर्नर जेम्स बर्न्स आणि राज्यातील बहुतेक वृत्तपत्रे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. निकाल : थर्मंड यांना सुमारे १,४३,००० हस्तलिखित मते, ब्राउन यांना छापील नावावर सुमारे ८३,०००. छापील प्रतिस्पर्ध्याला हस्तलिखित मतांनी हरवून कोणी सिनेटमध्ये पोहोचल्याचे हे पहिले उदाहरण. आणि थर्मंड यांनी शब्द पाळला. एप्रिल १९५६ मध्ये राजीनामा दिला आणि पुन्हा निवडून आले.

लोकशाहीच्या पाठ्यपुस्तकात शोभावी अशी ही गोष्ट. तिच्या कडेला दोन टिपा जोडल्याच पाहिजेत. ज्या प्राथमिक निवडणुकीला थर्मंड ‘जनतेचा हक्क’ म्हणत होते, ती साउथ कॅरोलिनात १९४७ पर्यंत फक्त गोऱ्यांची होती. न्यायाधीश वेट्स वेअरिंग यांच्या निकालाने कृष्णवर्णीयांना तिच्यात शिरकाव मिळाला. त्यानंतरही नावनोंदणीसाठीची साक्षरता परीक्षा होतीच, ती १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत टिकली. दुसरी टीप खुद्द थर्मंड यांच्याविषयी. १९४८ मध्ये ते वर्णविभक्तीच्या समर्थनार्थ अध्यक्षपदासाठी उभे राहिले होते. कोऱ्या ओळीने मिळालेल्या सिनेटच्या आसनावरून त्यांनी ऑगस्ट १९५७ मध्ये नागरी हक्क विधेयकाविरुद्ध सलग २४ तास १८ मिनिटे भाषण केले. ते सिनेटमध्ये २००३ च्या आरंभापर्यंत राहिले, वयाची शंभरी ओलांडेपर्यंत.

आता पुन्हा लिटल रॉककडे.

मे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णविभक्ती घटनाबाह्य ठरवली. सप्टेंबर १९५७ मध्ये लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी प्रवेश घ्यायचा होता. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी राज्याचे नॅशनल गार्ड शाळेभोवती उभे केले आणि मुलांना परत फिरवले. संघराज्य आणि राज्य समोरासमोर ठाकले. या वेळी ब्रुक्स हेज यांनी, कोणी सांगितले नसताना, मध्यस्थी अंगावर घेतली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे प्रमुख सहायक शर्मन ॲडम्स हे त्यांचे काँग्रेसमधील जुने सहकारी. त्यांना फोन करून हेज यांनी १४ सप्टेंबरला न्यूपोर्ट येथे आयझेनहॉवर आणि फॉबस यांची भेट घडवून आणली.

भेट झाली, तोडगा निघाला नाही. न्यायालयाच्या आदेशानंतर फॉबस यांनी गार्ड काढून घेतले. २३ सप्टेंबरला शाळेबाहेर जमाव उसळला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांनी १०१ व्या हवाई तुकडीचे सैनिक धाडले. संगिनी लावलेल्या सैनिकांच्या पहाऱ्यात नऊ मुले शाळेत गेली. ती छायाचित्रे जगभर पोहोचली. तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असतील.

येथे हेज यांच्याविषयी एक खुलासा करणे न्यायाचे ठरेल. त्यांना वर्णसमतेचा योद्धा म्हणून रंगवण्याचा मोह पुष्कळांना होतो. ते तसे नव्हते. १९५६ मध्ये दक्षिणेतील खासदारांनी न्यायालयाच्या निकालाविरुद्ध जे जाहीर निवेदन काढले, त्यावर हेज यांचीही सही आहे. ते समन्वयवादी होते. निकाल आवडला नाही तरी कायदा मोडायचा नाही, जमाव रस्त्यावर उतरवायचा नाही, एवढीच त्यांची भूमिका. १९५७ मध्ये ते सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या दक्षिणेतील प्रबळ धर्मसंस्थेचे अध्यक्षही झाले होते. म्हणजे प्रस्थापित, धार्मिक, मवाळ. त्या वर्षीच्या लिटल रॉकमध्ये तेवढे मवाळपणही गुन्हा ठरले.

१९५८ च्या उन्हाळ्यात प्राथमिक निवडणूक आली. हेज यांच्याविरुद्ध एमिस गथ्रिज उभे होते, वर्णविभक्तीवाद्यांच्या स्थानिक संघटनेचे वकील. सारा वाद मतदारांसमोर उघडपणे मांडला गेला आणि हेज स्पष्टपणे जिंकले. त्याच निवडणुकीत फॉबसही प्रचंड मतांनी तिसऱ्यांदा निवडून आले. एकाच मतदारसंघाने दोघांना कौल दिला हे विचित्र वाटते खरे. पण मतदार एकाच वेळी दोन मनांचा असू शकतो, हे निवडणुकांच्या अभ्यासकाला नवीन नाही.

मग सप्टेंबर आला. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबरला शाळाप्रवेश लांबणीवर टाकण्यास नकार दिला. फॉबस यांनी शहरातील चारही सरकारी हायस्कुले बंद केली. २७ सप्टेंबरच्या सार्वमतात १९,४७० मतदारांनी शाळा एकत्र करण्याच्या विरोधात मत दिले, बाजूने ७,५६१. गोरी काय नि काळी काय, सारी मुले घरी बसली. लिटल रॉकच्या इतिहासात ते वर्ष ‘हरवलेले वर्ष’ म्हणून ओळखले जाते. अशा तापलेल्या हवेत ऑक्टोबरच्या अखेरीस डॉ. आल्फर्ड यांनी कोऱ्या ओळीवरून उमेदवारी जाहीर केली. शहराच्या शाळा मंडळातील ते कट्टर वर्णविभक्तीवादी सदस्य. त्यांच्या प्रचाराची सूत्रे गव्हर्नर फॉबस यांच्या निकटच्या एका सहकाऱ्याने हाती घेतली.

आठ दिवसांची मोहीम. हेज यांना प्रतिसाद द्यायला वेळ नव्हता, आणि अनेकांना त्याची गरजही वाटली नाही. छापील नाव एकच असताना कोण हरतो? स्टिकरने नेमका येथेच डाव साधला. हाताने नाव लिहिण्यात जे अडथळे असतात – स्पेलिंग, अक्षर, आळस – ते डिंकाच्या चिठ्ठीने एका फटक्यात दूर केले. लिहायचे काहीच नाही. जीभ लावा, चिकटवा. मतदानकेंद्रांवर या चिठ्ठ्या सर्रास उपलब्ध होत्या. काही ठिकाणी त्या निवडणूक कर्मचाऱ्यांकडूनच दिल्या गेल्या, असा आरोप नंतर झाला.

कोऱ्या ओळीच्या तत्त्वज्ञानाचा येथे जो बोजवारा उडाला, तो माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका भाग आहे. मतदाराने मनातले नाव स्वतः लिहावे म्हणून ती ओळ. तिच्यावर आता कोणीतरी छापून आणलेले नाव डकवले जात होते. ‘पट्टकृमी’च्या काळातला पक्षाचा छापखाना मागील दाराने परत आला होता.

निकालानंतर तक्रारी झाल्या. जानेवारी १९५९ मध्ये शपथविधीच्या वेळी मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी टिप ओनील यांनी आल्फर्ड यांच्या निवडीवर हरकत घेतली. तेच ओनील पुढे सभागृहाचे अध्यक्ष म्हणून गाजले. आल्फर्ड यांना शपथ दिली गेली, चौकशी झाली, आणि त्याच वर्षी सभागृहाने त्यांची निवड वैध ठरवली. हेज यांनी स्वतः आसनासाठी भांडण मांडले नाही. त्यांचे सोळा वर्षांचे संसदीय आयुष्य त्या चिठ्ठीखाली कायमचे झाकले गेले. काँग्रेसमध्ये ते पुन्हा गेले नाहीत.

थर्मंड आणि आल्फर्ड यांना एकाच माळेत ओवले जाते, दोघेही वर्णविभक्तीवादी म्हणून. निवडणुकीच्या दृष्टीने मात्र दोघांत मोठे अंतर आहे. थर्मंड यांची तक्रार अशी की प्राथमिक निवडणूक झालीच नाही. आल्फर्ड यांच्या वेळी ती झाली होती, नीट झाली होती, आणि तिचा निकाल काहींना रुचला नव्हता. पहिल्या प्रसंगी कोऱ्या ओळीने मतदाराला नाकारलेली संधी मिळवून दिली; दुसऱ्या प्रसंगी मतदाराने तीन महिन्यांपूर्वी दिलेला कौल, भीतीच्या लाटेवर, आठ दिवसांत फिरवला. कायद्याच्या नजरेत मात्र दोन्ही ओळी सारख्याच कोऱ्या.

यानंतर अनेक वर्षे ही ओळ बहुतेक वेळा चेष्टेची धनी झाली. लोक तिच्यावर मिकी माउसचे नाव लिहीत. तरी अधूनमधून ती जागी होई. १९८० मध्ये न्यू मेक्सिकोत विद्यमान डेमोक्रॅटिक प्रतिनिधींचे निधन झाले, डेमोक्रॅटांना बदली उमेदवार देता आला, रिपब्लिकनांना मतपत्रिकेवर नाव घालू दिले गेले नाही. जो स्कीन यांनी हस्तलिखित मतांवर जागा जिंकली. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात रॉन पॅकर्ड प्राथमिक निवडणुकीत ९२ मतांनी हरले आणि नोव्हेंबरमध्ये याच मार्गाने जिंकले.

सगळ्यांना हे साधत नाही. २००६ मध्ये टेक्सासच्या एका मतदारसंघात रिपब्लिकन पक्षाला शेली सेकुला-गिब्स या नावासाठी हस्तलिखित मते मागावी लागली. मतदान यंत्रावर होते. चाक फिरवून एकेक अक्षर निवडायचे, आणि नावात तर संयोगचिन्हासह भलीमोठी अक्षरांची रांग. त्याच दिवशी त्याच जागेच्या उरलेल्या काही आठवड्यांसाठी पोटनिवडणूकही होती. तिच्यात त्यांचे नाव छापलेले होते, ती त्या जिंकल्या. पूर्ण मुदतीची निवडणूक हरल्या.

२०१० मध्ये अलास्कात मात्र स्पेलिंगच नायिका ठरली. सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांना ऑगस्टमधील रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत ‘टी पार्टी’ गटाचे जो मिलर यांनी सुमारे २,००० मतांनी हरवले. १७ सप्टेंबरला मर्कोव्स्कींनी हस्तलिखित उमेदवारी जाहीर केली. हे पोलिश वळणाचे आडनाव राज्यभर बिनचूक लिहून घ्यायचे कसे? दूरचित्रवाणीच्या जाहिरातींत नावाचे एकेक अक्षर सांगितले गेले, नाव छापलेली मनगटपट्टी वाटली गेली, ती घालून मतदानकेंद्रात जावे आणि पाहून लिहावे. आदिवासी अलास्कन समाजाच्या मालकीच्या कंपन्यांनी त्यांच्या बाजूने प्रचारासाठी मोठा पैसा उभा केला. त्याच वर्षीच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या प्रचारखर्चावरची बंधने उठवली होती.

मतदानकेंद्रात हस्तलिखित उमेदवारांची यादी दाखवावी की नाही, यावरही कोर्टकज्जे झाले. यादी दाखवली जाणार हे ठरताच एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांना आवाहन केले, तुम्हीही सारे उमेदवार व्हा. शंभराहून अधिक लोकांनी अर्ज भरले, हेतू हा की यादीच्या गर्दीत मर्कोव्स्कींचे नाव हरवावे. १८७१ मधल्या त्या फितीच्या कागदाची ही एकविसाव्या शतकातली भावंडे.

मतदान संपले आणि जुनो येथे हजारो मतपत्रिका हाताने तपासल्या गेल्या. मिलर यांचे प्रतिनिधी प्रत्येक चुकलेल्या अक्षरावर बोट ठेवीत होते. कायद्यात म्हटले होते की उमेदवाराचे नाव वा आडनाव उमेदवारी अर्जात जसे आहे तसे लिहिलेले असावे. अक्षर चुकले म्हणजे मत बाद, हा मिलर यांचा दावा. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ डिसेंबरला तो फेटाळला : मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत धरायचे, अन्यथा इंग्रजी नीट न येणारे, शिक्षण कमी मिळालेले, अपंग मतदार आपल्या हक्काला मुकतील. मर्कोव्स्कींना सुमारे १,०१,००० मते मिळाली, मिलर यांना सुमारे ९०,८००. हरकत घेतलेली सारी मते वगळली तरी त्या दोन हजारांहून अधिक मतांनी पुढे होत्या. स्पेलिंगचा हा सारा खटला अखेर अंकगणिताने निरर्थक ठरवला.

आता अवघड प्रश्न. प्राथमिक निवडणुकीत पराभूत होऊन मागील दाराने येणे, हे मर्कोव्स्कींनी केले तेच. आल्फर्ड तर प्राथमिक निवडणुकीला उभेही नव्हते. पण मतदारांनी उन्हाळ्यात दिलेला निकाल नोव्हेंबरमध्ये उलटवणे, ही कृती एकच. एकीचे कौतुक आणि दुसऱ्याची निंदा आपण करतो ती माणसे आणि विषय पाहून. मर्कोव्स्कींच्या बाजूने एवढे म्हणता येते की त्यांनी सहा आठवडे उघड प्रचार केला, प्रतिस्पर्ध्यांना उत्तर द्यायला वेळ मिळाला, आणि अलास्कात नोव्हेंबरची लढत खरीखुरी तिरंगी होती. आल्फर्ड यांनी बेसावध मतपत्रिकेवर झडप घातली. हा फरक मला मोठा वाटतो. पण तो कालावधीचा आणि उघडपणाचा आहे. कोऱ्या ओळीत तो कोठेच लिहिलेला नाही.

जपानची पद्धत या संदर्भात जाता जाता सांगण्यासारखी आहे. तेथे संसदेच्या निवडणुकीत मतदार आजही उमेदवाराचे नाव स्वहस्ते लिहितो. फक्त नाव अधिकृत उमेदवारांपैकीच असावे लागते. उमेदवारीची ही औपचारिक पद्धत १९२५ च्या कायद्याने आली. तोवर तेथे प्रत्येक मत जणू कोऱ्या ओळीवरचेच होते. दोन उमेदवारांचे आडनाव एकच असेल आणि मतदाराने नुसते आडनाव लिहिले, तर ते मत दोघांत त्यांच्या इतर मतांच्या प्रमाणात वाटले जाते. त्यामुळे जपानी निकालांत दशांश चिन्हानंतरची मते दिसतात. उमेदवार आपल्या नावाची अवघड चित्राक्षरे टाळून फलकावर ते सोप्या लिपीत का लिहितात, याचे उत्तरही हेच.

अमेरिकेतही ही ओळ घटनेने दिलेला हक्क नाही. हवाई राज्यात ती मुळीच नव्हती. एका मतदाराने त्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी राज्याची बंदी वैध ठरवली. बहुमताचे म्हणणे असे की मतपेटी ही निवड करण्यासाठी आहे, मनातला राग व्यक्त करण्यासाठी नव्हे. विरोधी मत मांडणारे न्यायमूर्ती केनेडी यांना हे पटले नाही. जेथे एकाच पक्षाचा इतका पगडा आहे की अनेक जागांवर एकच नाव छापून येते, तेथे मतदाराने काय करायचे, असा त्यांचा रोख होता. हवाईच्या जागी १९५० च्या दशकातले आर्कन्सॉ ठेवले तरी हा प्रश्न तसाच लागू पडतो.

लिटल रॉकचे पुढे काय झाले हे सांगितल्याशिवाय धागा पुरा होणार नाही. निवडणुकीनंतर आठवड्याभरात शाळा मंडळाच्या उरलेल्या पाच सदस्यांनी राजीनामे दिले. नव्या मंडळात दोन्ही बाजूंचे तीन-तीन सदस्य आले. मे १९५९ मध्ये वर्णविभक्तीवादी सदस्यांनी ४४ शिक्षक व कर्मचाऱ्यांना कामावरून काढण्याचा घाट घातला. तोवर शहरातील गोऱ्या स्त्रियांनी सप्टेंबर १९५८ पासूनच शाळा उघडण्यासाठी एक समिती उभी केली होती. ॲडॉल्फीन फ्लेचर टेरी या वयोवृद्ध समाजसेविका तिच्या मुख्य प्रवर्तक. या स्त्रियांनी घरोघर जाऊन मतदार जोडले, व्यापारी आणि शिक्षकही पुढे आले. २५ मेच्या मतदानात तिन्ही वर्णविभक्तीवादी सदस्यांना परत बोलावले गेले आणि तिन्ही मवाळ सदस्य राखले गेले. ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या. ज्या शहराने सहा महिन्यांपूर्वी हेज यांच्या नावाऐवजी डिंकाची चिठ्ठी पसंत केली, त्याच शहराने हे मत दिले.

आल्फर्ड १९६० मध्ये पुन्हा निवडून आले. १९६२ मध्ये आर्कन्सॉच्या जागा सहावरून चारवर आल्यावर त्यांनी गव्हर्नरपदासाठी थेट फॉबस यांनाच आव्हान दिले आणि हरले. हेज यांना पुढे केनेडी प्रशासनात पद मिळाले. १९६६ मध्ये फॉबस निवृत्त झाले आणि गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीची मतपत्रिका निघाली, तेव्हा तिच्यावर ब्रुक्स हेज आणि डेल आल्फर्ड ही दोन्ही नावे रीतसर छापलेली होती. त्या दोघांपैकी कोणीही जिंकले नाही.